शेटिकॅम्पचे गालिचे

कॅनडा देशाच्या पूर्व किनाऱ्यावर नोव्हा स्कोशिया नावाचा प्रांत आहे आणि त्याच्या उत्तरेस केप ब्रेटन हे डोंगराळ बेट आहे. 1955 साली समुद्रात दगडांचा बांध घालून हे बेट मुख्य भूमीला जोडण्यात आले. हॅलिफॅक्स शहर सोडून, तो बांध ओलांडून पश्चिम किनाऱ्याने उत्तरेची वाट धरली, म्हणजे डाव्या हातास सेंट लॉरेन्सचे आखात व उजव्या हातास डोंगरांच्या रांगा अशी सोबत लागते. सुमारे 400 किलोमीटरचा प्रवास संपत आला की दूरवरून एका चर्चचा रुपेरी मनोरा दिसू लागतो. हेच शेटिकॅम्प गाव. रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेली लाकडी घरे, समोर एक बेट आणि त्या बेटाच्या आडोशाला विसावलेल्या कोळ्यांच्या होड्या, एवढाच गावाचा पसारा. परंतु या गावाचे नाव दूर देशी ज्या वस्तूमुळे पोहोचले ती वस्तू समुद्रातील नव्हे, घरातील आहे. गोणपाटावर आकडीने धागा वर ओढून गालिचे करण्याची कला येथील बायांनी पिढ्यान्पिढ्या जोपासली आहे. ती डोळ्यांनी पाहावी आणि साधल्यास तिचे पहिले धडे तेथेच बसून घ्यावेत, या हेतूने आम्ही तेथे गेलो.

गाव समजल्यावाचून त्याचे गालिचे समजावयाचे नाहीत. येथील लोक अकेडियन म्हणून ओळखले जातात. ते फ्रेंच भाषा बोलणारे व कॅथोलिक श्रद्धेचे आहेत. त्यांचे पूर्वज सतराव्या शतकात फ्रान्सहून येऊन नोव्हा स्कोशियाच्या सुपीक भागात शेतीवाडी करून राहिले होते. 1755 साली इंग्रज सत्तेने त्यांना घरादारांतून हुसकावून लावण्यास आरंभ केला. गलबतांत भरून त्यांना दूरदूरच्या वसाहतींत नेऊन सोडले. कुटुंबे फुटली, गावे जाळली गेली. पुढे 1782 च्या सुमारास या वाताहतीतून वाचलेली काही कुटुंबे या आडबाजूच्या किनाऱ्यावर येऊन स्थिरावली आणि 1790 साली त्यांतील 14 जणांना जमिनीची सनद मिळाली. त्या चौदा वडीलधाऱ्यांचे स्मरण गाव आजही आदराने करते.

गावातील संत पेत्राचे चर्च पाहून आमचे मन भरून आले. 1875 साली येथे आलेले धर्मगुरू फादर पिएर फिसे यांच्या काळात ते उभे राहिले व 1893 साली पुरे झाले. त्याचा दगड समोरच्या बेटावरील खाणीतला आहे. हिवाळ्यात मधला समुद्र गोठला म्हणजे धर्मग्रामातील लोक घोडे जुंपून ते दगड बर्फावरून ओढून आणीत. ज्यांच्या पूर्वजांना जगात पाय ठेवावयास जागा उरली नव्हती, त्यांनी आपल्या हातांनी देवाचे घर इतके भक्कम बांधले, ही गोष्ट त्या भिंतींकडे पाहताना मनातून जात नाही.

तथापि लोकांची स्वतःची घरे साधी होती. समुद्रात मासळी भरपूर असे, परंतु ती विकत घेणारे व्यापारी रोख पैसा क्वचितच देत. जर्सी बेटावरील रॉबिन घराण्याच्या पेढीचे येथे मोठे ठाणे होते. कोळ्याने मासळी आणून घालावी, आणि पीठ, मीठ, जाळी व कापड त्याच पेढीच्या दुकानातून उधारीवर न्यावे, असा तो व्यवहार होता. वर्षाच्या अखेरीस हिशेब केला म्हणजे कोळ्याच्या नावावर बहुधा देणेच शिल्लक राही. आपल्याकडे सावकाराच्या वहीचा अनुभव ज्या घरांना आहे त्यांना हे निराळे समजावून सांगावयास नको.

अशा घरांत हिवाळा मोठा कठीण. कधी कधी डोंगरावरून आग्नेयेचे वारे असे सुटतात की त्यांचा वेग ताशी 200 किलोमीटरच्याही वर जातो. पायांखालची लाकडी जमीन बर्फासारखी थंड पडते. तेव्हा घरधनीण काय करी? घरात जीर्ण झालेले जे कापड असेल, म्हणजे फाटका सदरा, विरलेला घागरा, लोकरी मोजे, ते कापून त्याच्या चिंध्या करी आणि धान्याचे रिकामे पोते उसवून, त्यावर त्या चिंध्या आकडीने ओढून जाडजूड गालिचा तयार करी. नाताळचा सण उरकल्यापासून बर्फ वितळेपर्यंत हे काम चाले. प्रायश्चित्तकाळाच्या मध्यावर तोंडावर मुखवटे घालून घरोघर जाण्याची या लोकांची जुनी चाल आहे. त्या दिवसांत आलेल्या पाहुण्यांना घरात चौकट मांडलेली दिसणारच.

येथे एक गोष्ट आम्हांस मोठी नवलाची वाटली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर तागाची पोती अमेरिका खंडात सर्वत्र मिळू लागली, तेव्हापासून ही कला त्या किनाऱ्यावर घरोघर पसरली. कारण तागाच्या जाड व विरळ विणीतून आकडी सहज जाते. आणि तो ताग आला कोठून? आपल्या बंगालमधून. बंगालचा ताग स्कॉटलंडमधील डंडी शहराच्या गिरण्यांत जाई. पुढे 1855 साली कलकत्त्याजवळ रिश्रा येथे पहिली ताग-गिरणी निघाली. इंग्रजीत पोत्याला जो 'गनी' शब्द आहे तोही आपल्या 'गोणी'चाच अपभ्रंश होय. बंगालच्या शेतकऱ्याने चिखलात उभे राहून सोललेला ताग सातासमुद्रांपलीकडे एका कोळिणीच्या चौकटीवर ताणला गेला, आणि त्या दोघांनी एकमेकांचे नावही कधी ऐकले नाही.

आता शिकण्याविषयी. ज्या घरी आम्ही बसलो त्या घरच्या वृद्ध बाईंनी लहानपणी आईच्या शेजारी बसून हे काम उचलले होते. त्यांची चौकट खिडकीपाशी होती. दोन लांब रूळ आणि त्यांना आडवे जोडणाऱ्या दोन पट्ट्या, एवढेच तिचे साहित्य. गोणपाटाच्या कडा रुळांवरच्या कापडाला शिवून टाकतात, मग रूळ फिरवून गोणपाट ढोलाच्या कातड्यासारखे ताणून घेतात. काम पुढे सरकेल तसे झालेला भाग रुळावर गुंडाळता येतो. गोणपाटावर नक्षी आधीच रेखाटलेली असते. आकडी म्हणजे लाकडी मूठ बसविलेली लहानशी सळई. पूर्वी खिळा कानशीने घासून त्याच्या टोकाला खाच पाडीत व तीच आकडी होई.

उजव्या हातात आकडी वरच्या बाजूस, डाव्या हातात धागा खालच्या बाजूस. आकडी विणीच्या एका भोकातून खाली घालावयाची, डाव्या हाताने धागा तिच्या खाचेत द्यावयाचा आणि आकडी वर ओढावयाची; म्हणजे धाग्याची एक लहानशी कडी गोणपाटावर उभी राहते. मग शेजारच्या भोकात दुसरी कडी, त्याच्या शेजारी तिसरी. गाठ कोठेही मारावयाची नाही. कड्या एकमेकींना खेटून उभ्या असतात, आणि गोणपाटाची वीण त्यांना चारी बाजूंनी आवळून धरते. धाग्याचे आरंभीचे व शेवटचे टोक वरच्या अंगास काढून कड्यांच्या उंचीइतके कापावयाचे. खालच्या अंगास एक धागा दुसऱ्यावरून उडी मारून जाता कामा नये, नाहीतर तो पुढे कशात तरी अडकून सारी ओळ उसवते. आधी फुलापानांच्या कडा काढून घ्यावयाच्या, मग आतला रंग भरावयाचा, आणि शेवटी सरळ ओळींनी भोवतालची जमीन भरावयाची. गोणपाटाचा एक तसूभर भागही उघडा राहू द्यावयाचा नाही. काम पुरे झाले की ओल्या फडक्यावरून इस्त्री फिरवून कड्या बसवितात आणि कडा मुडपून शिवतात.

ऐकावयास हे सोपे आहे. खरा अभ्यास आहे तो कड्यांची उंची सारखी ठेवण्याचा. आकडी धरलेला हात डोळ्यांना दिसतो. परंतु धागा पुरविणारा डावा हात गोणपाटाखाली असतो, तो दिसत नाही, आणि कडीची उंची त्या न दिसणाऱ्या हातावरच अवलंबून असते. त्याने धागा सैल सोडला तर कडी डोके वर काढते; आवळून धरला तर मागची कडी निसटते. म्हणून नवशिक्याला प्रथम वाटीखाली ठेवावयाची वीतभरही नसलेली चकती करावयास देतात. बाईंनी आमच्या कामावरून तळहात फिरविला आणि डोळे मिटून सांगितले की कोठली ओळ उंच आहे व कोठली बुटकी. कामाची परीक्षा त्या बोटांनी करीत होत्या. दोन दिवसांच्या बैठकीनंतर आमची चकती पुरी झाली, तेव्हा एवढ्या तळहाताएवढ्या तुकड्याला इतका वेळ, तर भिंतीएवढ्या गालिच्याला किती, हा हिशेब आपोआपच मनात आला.

याच हिशेबावरून या गावात एकदा मोठा वाद झाला होता. आरंभी या चिंध्यांच्या गालिच्यांना कोणी मोल देत नसे. फेरीवाले येत आणि गालिच्याच्या बदल्यात मेणकापड देऊन जात. पुढे लिलियन बर्क नावाच्या अमेरिकन बाई या बेटावर आल्या. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांचे उन्हाळी घर याच बेटावर बॅडेक गावी होते, आणि बर्कबाई त्या कुटुंबाच्या स्नेही होत्या. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांना हस्तव्यवसायाच्या द्वारे उभारी देण्याचे काम त्यांनी केले होते. 1927 च्या सुमारास शेटिकॅम्पच्या बायांचे कौशल्य त्यांच्या दृष्टीस पडले. चिंध्यांऐवजी बारीक लोकरीचा धागा वापरावा, रंग भडक न ठेवता सौम्य करावेत, धागा घरीच रंगवावा, नक्षी आधी नीट आखून घ्यावी, अशा सुधारणा त्यांनी शिकविल्या. त्यांच्या खटपटीने हे गालिचे न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरांत जाऊन पोहोचले. कधी कधी एकेक गालिचा इतका प्रचंड असे की अनेक बाया त्याच्या भोवती एकत्र बसत.

मासळीचा भाव कोसळलेला, जगभर मंदीचे दिवस. अशा वेळी बायांच्या हाती रोख पैसा आला, ही सामान्य गोष्ट नव्हे. परंतु मजुरी चौरस फुटाच्या मापाने ठरलेली होती, आणि तिकडे गिऱ्हाईक देत असलेली किंमत व इकडे बाईच्या पदरात पडणारी रक्कम यांत फार अंतर आहे, असे काहींना वाटू लागले. 1930 नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात या बायांत दोन तट पडले. एका पक्षाचे म्हणणे, ज्या बाईने आम्हांस हे शिकविले, बाजार दाखविला, तिच्याविरुद्ध कसे जावे? दुसऱ्या पक्षाचे म्हणणे, उपकार मान्य, पण घामाचे मोल मागणे हा कृतघ्नपणा नव्हे. काही बाया वेगळ्या झाल्या व आपले गालिचे आपणच विकू लागल्या. एकाच चर्चमध्ये शेजारी बसून मिस्सा ऐकणाऱ्या बायांत असा दुरावा यावा, याचे दुःख आम्हांस आज इतक्या वर्षांनीही जाणवले. परंतु दोन्ही पक्षांत काही सत्य होते, हेही कबूल केले पाहिजे. विद्या देणाऱ्याचे ऋण विसरू नये, आणि त्या ऋणाच्या नावाखाली कोणाची मजुरी कमी धरू नये. पोप लिओ तेरावे यांनी 1891 साली आपल्या विश्वपत्रात कामकऱ्याच्या न्याय्य वेतनाचा जो आग्रह धरला, त्याचा अर्थ अशा लहान गावातील चौकटीपाशीच नीट कळतो.

या विचाराला त्या प्रदेशात बळ मिळण्यास आणखी एक कारण होते. शेटिकॅम्पच्या दक्षिणेस जवळच मार्गरी नावाचे खोरे आहे. फादर जिमी टॉम्पकिन्स व फादर मोझेस कोडी हे दोन धर्मगुरू तेथलेच. अँटिगोनिश येथील संत फ्रान्सिस झेवियर विद्यापीठाने 1928 साली लोकशिक्षणाचा स्वतंत्र विभाग काढला व त्याची धुरा फादर कोडी यांजकडे दिली. स्वयंपाकघरात दिव्याभोवती दहाबारा शेजारी जमावेत, आपल्या कर्जाचा व मालाच्या भावाचा अभ्यास करावा आणि मग एकत्र येऊन सहकारी दुकान वा पतपेढी काढावी, अशी त्यांची रीत होती. उधारीच्या वहीत पिढ्यान्पिढ्या अडकलेल्या कोळ्यांना या चळवळीने मान वर करावयास शिकविले. शेटिकॅम्पच्या गालिचेवाल्या बायांनीही पुढे 1963 साली आपली सहकारी संस्था स्थापन केली. संत झेवियरच्या नावाचे ते विद्यापीठ गोव्याच्या वाचकांना परके वाटणार नाही. आणि 1959 साली तेथे फादर कोडी यांच्या नावाने जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली, तिच्यात भारतातूनही अनेक धर्मगुरू, धर्मभगिनी व समाजसेवक शिकून आले आहेत.

गावाच्या उत्तर टोकाकडे 'ले त्रुआ पिन्यों', म्हणजे तीन शिखरांचे घर, नावाचे संग्रहालय आहे. तेथे एलिझाबेथ लफोर यांच्या कामाचे दालन आहे. 1914 साली जवळच्याच वाडीत त्यांचा जन्म झाला आणि 2005 साली त्या निवर्तल्या. चित्रकलेच्या शाळेत त्या कधी गेल्या नाहीत. आईपासून शिकलेल्या याच आकडीने त्यांनी माणसांचे चेहरे हुबेहूब उतरविले. त्यांचे काम व्हॅटिकनमध्ये, अमेरिकेच्या अध्यक्षांच्या निवासात आणि लंडनच्या राजवाड्यात गेले. 1975 साली मॉन्क्टन विद्यापीठाने त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्यांनी केलेल्या प्रभू येशूच्या क्रुसारोहणाच्या चित्रासमोर आम्ही बराच वेळ उभे होतो. दुरून पाहावे तर ते रंगविलेले चित्र. जवळ जाऊन पाहावे तर लोकरीच्या असंख्य कड्या, एकेक करून ओढलेल्या. ज्या हातांनी पायपुसणी केली, त्याच हातांनी हे केले.

आज मात्र या कलेने पोट भरणारी घरे थोडी उरली आहेत. मुली शिकून शहरांत गेल्या. कारखान्यातील गालिचा स्वस्त मिळतो. हे वाईट झाले असे म्हणण्याचा आम्हांस अधिकार नाही. कारण ज्या गरजेने आजीला चौकटीपाशी बसविले ती गरज नातीला उरली नाही, ही देवाची कृपाच होय. परंतु गरज गेली म्हणजे विद्याही जावी, असे थोडेच आहे? नोव्हा स्कोशियात आता हौसेने ही कला शिकणाऱ्यांच्या मंडळ्या आहेत. परिचारिका, शिक्षिका, निवृत्त झालेले गृहस्थ आठवड्यातून एकदा एकत्र बसतात आणि आकडी चालवितात. जी विद्या पोटासाठी जन्मली ती आता हौसेच्या आश्रयाला आली आहे, आणि आमच्या मते हा आश्रय लहान नव्हे. हौसेने शिकणारा मजुरीचा भाव पाडीत नाही. उलट एक चकती पुरी करावयास किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक असल्यामुळे, दुसऱ्याच्या कामाची किंमत देताना तो घासाघीस करीत नाही.

हे सारे पाहताना आपल्याकडील घरांची आठवण वारंवार होत होती. कोणी तिला गोधडी म्हणतात, कोणी वाकळ, बेळगाव भागात कौदी, वस्तू एकच. बेळगावच्या दक्षिणेस हल्याळ-यल्लापूरच्या रानपट्ट्यातील सिद्दी बंधुभगिनींत ही कला विशेष जिवंत आहे. आफ्रिकेतून आलेल्या पूर्वजांच्या या वंशजांत कॅथोलिक घरेही पुष्कळ आहेत. त्यांच्या स्त्रिया जुन्या लुगड्याकापडांचे तुकडे कडेपासून शिवीत शिवीत मध्याकडे जातात, आणि चारी कोपऱ्यांवर लहान त्रिकोणी तुकड्यांचे 'फुला' बसवितात. त्यावाचून गोधडी उघडी दिसते, असे त्या मानतात. कॅथोलिक घरच्या गोधडीवर कापडी तुकड्यांचा क्रूसही दिसतो. अकेडियन कोळीण आणि सिद्दी माउली, दोघींचे पूर्वज जबरदस्तीने दूर नेले गेलेले. आणि दोघींनीही फाटक्या कापडातून ऊब निर्माण केली.

वाचकहो, आपल्या घरीही माळ्यावर अशी एखादी गोधडी असेल, आणि ती शिवणारे हात कदाचित अद्याप घरात असतील. ते हात आहेत तोवर त्यांच्या शेजारी बसून घ्यावे. सुटीच्या दिवसांत मुलींनी, आणि मुलांनीही, आजीकडून एक टाका शिकावा. ज्यांना शेटिकॅम्पची रीत करून पाहावयाची असेल त्यांना परदेशी साहित्याची जरुरी नाही. एक स्वच्छ तरट, लाकडी पट्ट्यांची चौकट, खाच पाडलेला खिळा आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या बारीक पट्ट्या, एवढे पुरे. आरंभ लहान चकतीने करावा. संध्याकाळची रोझरी झाल्यावर घरातील माणसे तासभर चौकटीभोवती बसली, तर त्या तासात काम होईल आणि चार शब्द बोलणेही होईल. आणि पुढे केव्हा बाजारात एखाद्या बाईने हाताने केलेली वस्तू आपल्यापुढे ठेवली, तर तिची योग्य किंमत आपण आपण होऊनच देऊ.